बोटावरचं लोणी

श्रावण लागायच्या आदल्या दिवशी आमचा फ्रीज सोवळा होतो. सगळं सामान बाहेर, जाळ्या पडवीत उभ्या, आणि मी आत डोकं घालून लिंबाच्या सालीने भिंती घासत असते. वर्षभर त्यात बांगडे, सुरमईच्या तुकड्या, कालच्या तिखल्याचं उरलेलं कालवण, असं काय काय नांदलेलं असतं. तो वास साबणाने जात नाही, खायच्या सोड्याने जात नाही, लिंबाने तेवढा दबतो. यंदाही घासला. आमचे हे पायरीवर चहा पीत बघत होते. म्हणाले, "फ्रीजाची मुंज आसा की काय?" मी म्हटलं, "तुमच्या बांगड्यांचा पाप धुतंय. गप बसा."

घासून झालं की मी आत नाक घालते आणि भरपूर श्वास घेते. नाक माझं तिखट आहे. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर मला अंथरुणातून कळतं. आणि ही काही मी बढाई मारत नाही. या नाकापायी मी जे सोसलंय ते ऐकलंत तर तुम्हीही म्हणाल, बाई, तुला पडसं झालेलंच बरं.

एवढी सारवासारव कशासाठी, तर लोण्यासाठी. लोकांना श्रावण म्हटला की सण आठवतात, मला लोणी आठवतं. मासे बंद झालेले असतात. डोंगरावर गवत गुडघ्याला लागतं, म्हशीचं दूध दाट होतं आणि सायीचा थर चमच्याने उचलावा लागतो. पुढे चवथ असते. आमच्या घरात गणपतीच्या मोदकांवर विकतचं तूप घालत नाहीत. घरच्या लोण्याचंच, आणि सगळं एकाच दिवशी, एकाच पातेल्यात कढवायचं. म्हणजे श्रावणाच्या दुसऱ्या पंधरवड्यात घुसळलेलं लोणी चवथीपर्यंत राखायचं. भर पावसात. भिंतींना बुरशी येते, चपलांना येते, देव्हाऱ्यातल्या पोथीला येते, आणि लोण्याला येऊ द्यायची नाही!

हे राखणं माझं काम. लग्न होऊन बांद्याहून या मालवणकडच्या गावात आले त्या श्रावणापासून माझं.

शिकवलं सासूबाईंनी. पहिली गोष्ट म्हणजे धुणं. रवीवर लोण्याचा गोळा आला की बायका हरखतात आणि तसाच उचलून ठेवतात. त्यात ताक लपलेलं असतं, आणि तेच पुढे घात करतं. गार पाणी घालायचं, गोळा हलक्या हाताने दाबायचा, पांढरं पाणी ओतून द्यायचं, पुन्हा घालायचं. पाणी विहिरीतून आलं तसं नितळ राहीपर्यंत हे चालू. मग गोळा चिनी मातीच्या बरणीत, वर बुडेल इतकं पाणी, त्यात मिठाची चिमूट. सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. पितळेत ठेवायचं नाही, कळकतं. भाताचा हात लावायचा नाही. फ्रीजमध्ये ठेवायचं ते फक्त श्रावणात, तो धुतल्यावर, खालच्या कप्प्यात, आणि बरणीतच. चिनी माती वास धरत नाही. लोणी मात्र शेजारी जे असेल त्याचा वास अंगाला लावून घेतं. लसूण ठेवा, लसणीचं होतं. आमच्याकडे शेजारी काय असतं ते सांगितलंच.

आणि बिघडलंय हे ओळखायचं कसं? वरचा थर पिवळा आणि आतलं पांढरं दिसायला लागलं की सावध व्हायचं. आंबट वास आला तर घाबरायचं नाही, ताकातूनच आलाय तो, कढवलं की जातो. पण जुन्या खोबऱ्याचा वास आला, जिभेच्या मागे चरचरलं, घसा खाजल्यासारखा झाला, की ते खवट. ते कढवलं तरी खवटच. आणि बुरशीचा ठिपका दिसला तर वरचं खरवडून खालचं वापरायचा शहाणपणा करायचा नाही. सगळं फेकायचं. "डोळे फसतत गो," सासूबाई म्हणायच्या, "बिघडलेला लोणीय पांढराच दिसता."

म्हणून त्या चाखायला लावायच्या. कोणाला, तर मला. रोज. सकाळी पाणी बदललं की करंगळीच्या टोकावर एवढंसं लोणी घ्यायच्या आणि बोट माझ्या तोंडाशी धरायच्या. "चाख."

मी चाखायचे.

"बरा आसा मा?"

"बरा आसा."

की त्या झाकण लावायच्या. शाबास नाही, बरं नाही, एक अक्षर नाही. झाकण लावायचं आणि गोठ्याकडे चालू पडायचं. मला काय राग यायचा! दूध मी काढलं, विरजण मी लावलं, हात दुखेस्तोवर रवी मी ओढली, पाण्याने बोटं माझी सुरकुतली, आणि वर रोज सकाळी परीक्षाही माझीच. सासूला वाटत असणार, ही बांद्याची पोरगी, हिने काहीतरी हयगय केलेली असणार, बिघडलं असेल तर पहिलं हिच्याच घशात जाऊ दे. नवी होते तेव्हा गप्प बसले. जुनी झाले तेव्हा सवयीने गप्प बसले. पण मनात रोज एक घास कडू व्हायचा.

आता थोरलीचं सांगते. मोठ्या दिरांची बायको, आमची वयनी. मुंबईला असते. चवथीला दोन-चार दिवस आधी यायची. रिक्षा वळणावर दिसली की सासूबाई, ज्या मला ताप असला तरी "आसा काय गो बरा?" एवढं दारातून विचारायच्या, त्या पदर सावरत पार बेड्यापर्यंत, कुंपणाच्या फाटकापर्यंत जायच्या. "थोरली इली गो, थोरली इली!" वयनीच्या साडीला पावडरीचा आणि प्रवासाचा असा एक वास यायचा, मला अजून आठवतो. चांगला असायचा मेला.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मागच्या पडवीत चूल पेटायची. चुलीपुढे पाट मांडला जायचा, त्यावर बसायची वयनी. कारण चवथीचं तूप घरच्या थोरल्या सुनेने कढवायचं, ही आमच्याकडची रीत. पंधरवडाभर मी जपलेलं लोणी सासूबाई आपल्या हाताने तिच्या पातेल्यात सोडायच्या. ती ढवळायची. मी कुठे? मी चुलीत चुडतं, माडाच्या सुक्या झावळ्या, सारायला. धूर माझ्या डोळ्यांत, तूप तिच्या पातेल्यात. फेस वर यायचा, बसायचा, कडकड आवाज यायचा, तो मंदावला की सासूबाई म्हणायच्या, "आता पान घाल." वयनी विड्याचं पान सोडायची. ते चर्र करून कुरकुरीत व्हायचं, घरभर घमघमाट सुटायचा, पुरुषमंडळी नाकं वर करत पडवीत यायची आणि आमचे हे, माझा लग्नाचा नवरा, दरवर्षी न चुकता म्हणायचे, "वयनीच्या हातच्या तुपाक जी चव आसा ना, ती कोणाक जमाची नाय."

आयत्या बिळावर नागोबा! मी चुडतं मोडायचे ती अशी मोडायचे, की सासूबाई म्हणायच्या, "सावकाश गो, चूल फुटात."

जळायचे मी. उगाच गोड शब्दांत कशाला सांगू? त्या तुपावर जळायचे, त्या पाटावर जळायचे, बेड्यापर्यंत जाणाऱ्या सासूच्या पावलांवर जळायचे. आणि वयनी वाईट असती तर एक वेळ बरं होतं. माणूस वाईट असला की जळायला कारण तरी मिळतं. ती बिचारी मला स्वतःपेक्षा चांगली साडी आणायची, धूर लागतो म्हणून मला बाजूला सरकवायची, स्वतः भांडी घासायला बसायची. मला आपलं फुकटच जळावं लागे. पाट देऊ करायचं मात्र तिला कधी सुचलं नाही. आणि मी मागितला नाही. मागून मिळालेल्या पाटावर कोण बसतो?

त्यातला एक श्रावण मात्र मला बाकी सगळ्या श्रावणांपेक्षा जास्त आठवतो.

त्या वर्षी लोणी असं आलं होतं, की बरणी अपुरी पडेल वाटत होतं. पाऊस ओळीने पडत होता, मधूनच ऊन यायचं, आणि म्हस मजेत होती. श्रावण संपत आला आणि बांद्याहून भावाचा फोन आला, आई न्हाणीघरात घसरली, मनगट मोडलं. मला जावंच लागलं. मागे लोण्याचं कोण बघणार? वयनीला कळवलं तर ती म्हणाली, मी लवकर येते, तू निवांत जा. आली सुद्धा. मी तिला बरणी दाखवली, पाणी कधी बदलायचं, मीठ किती, सगळं सांगितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी पिशवी उचलली तेव्हा म्हणाल्या, "कधी येतलंस?" मी म्हटलं, "तूप कढवूच्या आदी येतंय." त्या म्हणाल्या, "नक्की ये हां. नक्की."

मला वाटलं, चुडतं सारायला माणूस हवंय!

बांद्याला आईचा हात गळ्यात बांधलेला, तिला भरवायचं, न्हाऊ घालायचं. पण सकाळ झाली की माझी जीभ लोण्याची वाट बघायची. मीच हसले स्वतःला. इतकी वर्षं कटकट वाटलेली गोष्ट, आणि न मिळाल्यावर तोंडाला काहीतरी चुकल्यासारखं होत होतं. मग लगेच दुसरा विचार यायचा. आता ते बोट वयनीच्या तोंडाशी जात असेल. आणि तिला म्हातारी नक्की "शाबास गो" म्हणत असेल. झालं, मग आईला भरवतानाही माझं लक्ष तिकडे.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी पहाटेच्या गाडीने निघाले, कुडाळला एसटी बदलली, वळणावर उतरले आणि चालत घरी आले. मागच्या दारानेच आत शिरले. चूल पेटलेली. पाट मांडलेला. वयनी पाटावर. पातेलं चुलीशेजारी आणि सासूबाईंच्या मांडीशी लोण्याने भरलेला प्लास्टिकचा डबा.

तो डबा मी लांबूनच ओळखला. झाकण उघडं होतं आणि पडवीभर वास. सुकटीचा!

सुकट म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी. पावसाळ्यात मासे नसतात तेव्हा आमचा जीव तिच्यावर तरतो. तिचा डबा म्हणजे कधीकाळी कोणीतरी आणलेल्या आइस्क्रीमचा, घट्ट झाकणाचा. श्रावणाआधी तो रिकामा करून, धुऊन, मागच्या पडवीत डाव्या फळीवर पालथा घालतो. डाव्या फळीवरची भांडी सोवळ्यातल्या कशाला वापरायची नाहीत, हे आमच्या घरात मांजरालाही माहीत आहे. पण ते कुठे लिहिलेलं नाही, आणि चार दिवसांसाठी येणाऱ्या माणसाला कोण सांगतो? बरणीचं झाकण टवका उडून सैल झालेलं. मुंग्या जातील, लोणी बिघडेल, म्हणून वयनीने जपायला म्हणून सगळं लोणी त्या घट्ट डब्यात भरलं होतं. काळजी घ्यायला गेली बिचारी. पंधरवड्याचं लोणी त्या डब्यात बसून आरामात सुकट झालं होतं.

आणि आता ते देवासाठी कढणार होतं. गणपतीच्या मोदकावर सुकटीचं तूप! माझ्या अंगावर काटा आला. आणि त्या काट्याच्या मागोमाग, खरं सांगते, आनंदाची एक उकळी आली. आता बोलायचं. आता सगळ्यांसमोर बोलायचं. आमचे हे पलीकडे मखराला कागद चिकटवत होते, त्यांना हाक मारायची, या म्हणावं, वयनीच्या हातच्या तुपाची चव बघायला या. किती वर्षं वाट बघितली होती मी या दिवसाची, आणि देवाने तो डब्यात घालून समोर ठेवला होता.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी मला बघितलं. त्यांचा चेहरा असा सुटला, की मी थांबलेच. "इलंस? बरा झाला," म्हणाल्या, आणि घाईघाईने करंगळीवर लोणी घेऊन बोट माझ्यापुढे धरलं. "चाख."

आणि त्यांचा चेहरा शांत, अगदी शांत. नाक मुरडलेलं नाही, कपाळाला आठी नाही. ज्या वासाने माझं डोकं उठलं होतं, त्या वासात ही बाई मांडीशी डबा घेऊन बसली होती, आणि तिला काहीच कळत नव्हतं.

वास येतच नव्हता त्यांना.

मी ते बोट चाखलं. इतकं वाईट काही मी आयुष्यात चाखलं नसेल. "आई, ह्या नको," म्हटलं. "ह्या खराब झाला."

"खराब?" वयनी दचकून उठली. "अगं, मला वास येत होता थोडा. मला वाटलं, गावच्या लोण्याला असाच येत असेल! आणि आई सकाळपासून इथेच आहेत, त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मी..."

तिने सासूबाईंकडे बघितलं. हेही हातात कागद घेऊन दारात आले होते, त्यांनीही बघितलं. आणि सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"आई काय बोलतल्यो?" माझ्या तोंडून निघून गेलं. "मीच त्यांका सांगून गेललंय, मी येयसर लोण्याक हात लावू नकात म्हणान. आणि तो डबो सुकटीचो. मीच फळयेवर नको थय ठेवललंय. चूक माझी."

यांनी कपाळावर हात मारून घेतला. "एक काम धड करशीत तर शप्पथ!"

आणि वयनी, जिने तो डबा भरला होता ती वयनी, माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "असू दे गं विजू. होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

तिने मला माफ केलं! तिच्याच चुकीसाठी! मी तिथल्या तिथे चुलीत जाऊन बसले नाही, हेच नशीब.

त्या वर्षी मालवणच्या बाजारातून तूप आलं. आमच्या घरात पहिल्यांदा मोदकावर विकतचं तूप पडलं. आरतीला आलेल्या प्रत्येकाला यांनी ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली, आणि प्रत्येक जण माझ्याकडे बघून चक चक करून गेला. मी काही देवी नाही. मी गणपतीचे पाचही दिवस आतून धुमसत होते.

विसर्जनानंतर मी मागल्या दारी तो डबा राखेने घासत होते. कशासाठी घासत होते कोण जाणे, फेकायचाच होता. सासूबाई येऊन पायरीवर बसल्या. मग मीच विचारलं, "कधीपासून?"

"तू ह्या घरात इलंस ना, त्याच वर्सा. मोठो ताप इललो माका. ताप गेलो, नाक घेऊन गेलो."

"आणि कोणाक सांगलात नाय?"

"कोणाक सांगू? नाक गेलेल्या बायकेक चुलीकडे कोण उभी करतला?" त्या म्हणाल्या. "जीब मीठ सांगता, आंबट सांगता. खवट नाक सांगता. ता माझा ऱ्हवला नाय." मग उठता उठता म्हणाल्या, "तू कोणाक सांगू नको हां."

तेव्हा मला कळलं, की पान घालायची वेळ त्या कशी ओळखायच्या. कडकड मंदावल्याचा आवाज ऐकून. सगळं घर ज्या घमघमाटाला नाक वर करून यायचं, तो त्यांच्यासाठी नव्हताच. चुलीपाशी बसून त्या फक्त ऐकत होत्या.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून माझं जळणं थांबलं. कसलं थांबतंय! पुढच्या चवथीला पाट पुन्हा थोरलीलाच. मी म्हाताऱ्या बाईसाठी खोटं बोलले, सगळ्यांचं बोलणं खाल्लं, तिचं गुपित पोटात घेऊन फिरतेय, आणि पाट थोरलीला? पिकतं तिथं विकत नाही, म्हणतात ते काय खोटं आहे? उलट आता जास्तच जळायला लागले. फरक एवढाच पडला, की सकाळी बोट पुढे आलं की मी नीट चाखायचे. आधी जीभ लावून मोकळी व्हायचे. आता डोळे मिटून, जिभेच्या मागेपर्यंत नेऊन, नाकाने श्वास सोडून बघायचे. "बरा आसा मा?" "बरा आसा." झाकण.

सासूबाई मागच्याच्या मागल्या थंडीत गेल्या. म्हस त्याआधीच विकली होती, आता दूध शेजारून येतं. साय तेवढी दाट नसते, पण लोणी येतं.

गेल्या वर्षीची चवथ त्यांच्याशिवाय पहिली. वयनी आली. बेड्यापर्यंत कोण जाणार, म्हणून मीच गेले. हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी सवयीने चुडतांची मोळी घेऊन चुलीशी गेले तर ती उभीच. म्हणाली, "तू बस पाटावर. माझे गुडघे आता वाकत नाहीत."

एवढंच! इतकी वर्षं ज्या पाटाकडे बघून माझा जीव जळला, तो असा मिळाला, एसटीतून उतरणाऱ्या माणसाने जागा द्यावी तसा. रीत मोडतेय, लोक काय म्हणतील, असा आविर्भावसुद्धा नाही. मी बसले. पाट टणक होता आणि धूर तिथेही तेवढाच लागत होता.

बरणी उघडली, पाणी ओतून दिलं, आणि करंगळीवर लोणी घेतलं. का घेतलं कोण जाणे. मी स्वतः सकाळीच चाखलं होतं. पण हात आपोआप पुढे गेला, शेजारी वयनी होती, तिच्या तोंडाशी बोट धरलं आणि म्हटलं, "चाखा."

ती बघतच राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"अगं, आईंनी हे बोट माझ्यापुढे एकदाही धरलं नाही," ती म्हणाली. "मी आले की सकाळी चहाचा कप घेऊन दारात उभी असायचे आणि बघायचे. तू पाणी बदलायचीस आणि त्या तुझ्या तोंडाशी बोट न्यायच्या. पोटच्या पोरीला भरवावं तसं. मला आपला पाट, मान, पाहुणचार. मला वाटायचं, मी इथली पाहुणीच. त्या वर्षी तू बांद्याला गेलीस ना, तेव्हा मी रोज सकाळी मुद्दाम त्यांच्यापाशी जाऊन बसायचे. म्हटलं, आता तरी देतील. नाही दिलं. काय जळायचे मी तुझ्यावर!"

खरं सांगू? इतकं बरं वाटलं मला! आयुष्यात कुठलं तूप खाऊन एवढं अंगी लागलं नसेल. वयनी माझ्यावर जळत होती! माझ्यावर! मला वाटलं, उठावं आणि यांना हाक मारून पुन्हा एकदा ऐकवावं.

जिभेवर आलं होतं, की अहो, ते भरवणं नव्हतं, त्यांना वास येत नव्हता म्हणून. पण नाही सांगितलं. एक तर शब्द दिला होता. आणि दुसरं म्हणजे, जळू दे की जरा, मी काय कमी जळले? आता हे वाचलं तर तिला कळेलच. कळू दे. सासूबाई आता जिथे आहेत तिथे त्यांना चुलीपासून कोणी उठवणार नाही.

वयनीने लोणी चाखलं. डोळे पुसत म्हणाली, "छान आहे गं. काही बिघडलेलं नाही."

मी मान डोलावली, आणि ती चुडतं घ्यायला वळली तशी गुपचूप बरणीत पुन्हा बोट घालून स्वतः चाखून बघितलं. तिच्या जिभेचा काय भरवसा? गावच्या लोण्याला सुकटीचा वास येतो असं वाटणारी बाई ती!

बोट तोंडातच होतं आणि मी तशीच थांबले.

घरात आणखी नाकं होती. यांचं होतं, शेजारच्या काकींचं होतं, चवथीला येणारी सगळी मुंबई होती. मी चाखल्यावर सासूबाईंना आणखी कोणालाही विचारता आलं असतं. रोजचं लोणी, देवाचं काम, आणि स्वतःला तर काहीच कळत नव्हतं. पण इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यानंतर दुसऱ्या कोणाला चाखायला लावलं नाही. मी "बरा आसा" म्हटलं, की त्या झाकण लावत.